भुऱ्याला काय खाऊ घालते ते

३ जुलै २०२४

सलोनी,

वर चि. सौ. कां. असं काही लिहिलं नाही. त्यातलं तुला आता काय चालेल ते मला कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं.

तुझं कार्ड रामीबाईने तांड्यावरून आणून दिलं. हाताचं हाड जुळलं आणि नाशिकला काम लागलं, हे वाचून बरं वाटलं. यापुढेही उत्तर रामीबाईच्याच नावावर टाकत जा. माझा रजत तांड्यावर जात नाही. माझा मोबाईल फुटला. हातातून पडला आणि पाट्यावर आपटला.

तू कार्डात तुझ्या बोक्याची, भुऱ्याचीच चौकशी केलीस. माझी केली नाहीस, ते ठीकच आहे. तर भुऱ्याचं सांगते. तू गेल्यावर तो कोठीत कापसाच्या पोत्यांमागे बसून राहायचा. रात्री बाहेर यायचा, चार दाणे खायचा आणि परत आत. तू आणलेल्या पिशवीतले ते कोरडे दाणे मी वाटीत टाकत होते. मग एक दिवस पाहिलं तर तो मोरीत बसून जोर करत होता आणि लघवीचा एक थेंब येत नव्हता. पोटाला हात लावला तर ओरडला. माणसासारखा ओरडला.

त्याला कापडी पिशवीत घातलं आणि आर्णीहून एस.टी. धरली. कंडक्टर म्हणाला, "बाई, पिशवीत काय रडून राह्यलं?"

मी म्हटलं, "नातू हाय."

"मंग नातवाले सीटवर बसवा ना. पिशवीत काहून कोंबला?" सगळी गाडी हसली. मीही हसले. पुष्कळ दिवसांनी.

यवतमाळला डॉक्टरांनी त्याला नळी घालून मोकळं केलं. एक तास उशीर झाला असता तर गेला असता म्हणाले. बोक्यांना हे होतं. पाणी कमी पितात, नुसतं कोरडं खातात आणि मूत्राची वाट बंद होते. आता कोरडं बंद करा म्हणाले, ओलं द्या, डब्यातलं मिळतं. मग त्यांनी विचारलं, "घरात आदळआपट होते का? भांडणं? मांजर भीतीनं लघवी धरून ठेवतं. नुसतं खाणं बदलून भागत नाही."

मी नाही म्हटलं. पदर कानावरून पुढे ओढला आणि नाही म्हटलं.

एका कानाने हल्ली कमी ऐकू येतं. वय झालं.

डब्यातलं कोणतं घेऊ ते तू कळव. तू शिकलेली आहेस.

मैनाबाई

२१ जुलै २०२४

सलोनी,

तुझं लांब पत्र आलं. डब्यांबद्दल तू लिहिलेलं मी चारदा वाचलं आणि पाठ केलं.

मला वाचता येतं ते कसं, हे तुला कधी सांगितलं नाही. तुझे मामाजी, रजतचे वडील, कपाशीवर फवारा मारून घरी आले, तेव्हा डोळ्यांना दिसत नाही म्हणाले. खाटेवर टेकले आणि तोंडातून फेस आला. दवाखान्यात डॉक्टर ओरडून विचारत होते, कोणतं औषध मारलं, नाव सांगा. बाटली माझ्या हातात होती. त्यावर मराठीत सगळं लिहिलेलं होतं. मी ती बाटली उलटी धरून उभी होते. ते गेले. त्यानंतर मी पोथीवरून नाही, बाटल्यांवरून शिकले. आधी 'विष' हा शब्द. मग बाकीचे.

म्हणून डबे घ्यायला गेले तेव्हा मी दुकानात पुष्कळ वेळ उभी राहिले. दुकानात वैष्णवी नावाची मुलगी बसते. डब्यांवर सगळं इंग्रजीत. ती म्हणाली, "आजी, हा घ्या, सगळे हाच नेतात. चित्र पाहा किती छान."

मी म्हटलं, "चित्र खाणार नाही तो. मागे काय लिवलं ते वाच."

तिने वाचलं. तू सांगितलंस तसं मी विचारत गेले. पहिलं नाव मांसाचं आहे का? कोणतं मांस ते लिहिलंय की नुसतं मांस? कांदा, लसूण? एका डब्यात कांद्याची भुकटी निघाली. तिलाही माहीत नव्हतं, की कांद्याने मांजराचं रक्त नासतं. दुसऱ्या डब्यावर पूर्ण आहार असं नव्हतं. तो नुसता खाऊ होता, रोज घालायचा नाही. मासळीचा एक डबा माणसांचा होता, खाऱ्या पाण्यातला. तो मी परत ठेवला. शेवटी कोंबडीचा, पाणी जास्त असलेला, मूत्राचा त्रास असलेल्या मांजरांसाठीचा घेतला. वैष्णवी म्हणाली, "आजी, तुम्ही तर माझी परीक्षाच घेतली."

पहिल्या दिवशी भुऱ्याने वास घेतला आणि पाठ फिरवली. मग तू लिहिल्याप्रमाणे वाटी कोमट पाण्यात ठेवली, त्यात चमचाभर पाणी कालवलं आणि मी दूर जाऊन बसले. खाल्लं. आता सकाळ-संध्याकाळ खातो. उरलेला डबा मी काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेवते आणि दुसऱ्या दिवशी संपवते. लघवी नीट होते. मी मोरीत जाऊन पाहते.

त्या डब्याची चव मला माहीत आहे. मीठ नसतं. जिभेवर लोखंड ठेवल्यासारखं लागतं आणि घशातून लवकर उतरत नाही. विशेष करून डोकं कोणी मागे धरलेलं असलं तर.

हे लिहायचं नव्हतं. पण कागद एकच आहे आणि खोडलं तर वाईट दिसेल.

रजतला राग आला होता इतकंच. त्या दिवशी तो पिऊन होता. म्हणाला, "मले थंडी भाकर अन् मांजराले कोंबडी? खा मंग तू बी." समोरचा दात हलतो आहे, पडला नाही.

भुऱ्या बरा आहे. ते महत्त्वाचं.

मैनाबाई

१८ ऑगस्ट २०२४

सलोनी,

हे पत्र घाईने लिहिते. पहिल्या ओळीतच सांगते, पोळ्याला येऊ नको.

आता नीट सांगते. मागच्या आठवड्यात रजत यवतमाळहून आला तो डब्यांची पेटी घेऊन. मी आणते तेच डबे, कोंबडीचेच. दुकानात रिकामा डबा दाखवून आणले म्हणाला. पिला नव्हता. खाली बसला आणि स्वतः डबा उघडून वाटीत काढला. भुऱ्या पोत्यांमागून आला नाही तर हाक मारत बसला. "ये रे, ये." मला इतकं गोड वाटलं, की मी चुलीकडे तोंड करून रडले. मला वाटलं मुलगा परत आला. लहानपणी चिमण्यांना तांदूळ टाकायचा तो मुलगा. त्या संध्याकाळी मी तुला पत्रही लिहिलं, की तो सुधारला. ते टाकलं नाही, हे तुझं नशीब.

दुसऱ्या दिवशी तुझे मामा सदाशिवराव आले. त्यांनीच तुमचं लग्न जुळवलं, म्हणून दोन्हीकडे त्यांचं येणं-जाणं आहे. ओट्यावर चहा घेताना रजत त्यांना म्हणाला, "मामा, तिले सांगा, मांजर घेऊन जाय म्हणा. मी पोळ्याच्या दिवशी बैलं घेऊन तोरणाखाली राहीन दिवसभर. घरी फक्त आई. मले पाहाचंही नाही तिचं तोंड."

सदाशिवरावांना ते खरं वाटलं. साधा माणूस आहे. मलाही वाटलं असतं. पण ते गेल्यावर रजतने मला विचारलं, "आई, भुऱ्या जगला पाहिजे बरं. पोळ्यापर्यंत तरी. काय खातो, किती खातो, ध्यान ठेव." आणि मग हळूच म्हणाला, "तिचा जीव त्याच्यात हाय. थे येईन."

कुऱ्हाडीला नवा दांडा बसवला आहे त्याने. आम्ही सरपण विकत घेतो, तुला माहीत आहे. खाटेखाली पेट्रोलची बाटली आहे. गाडीची टाकी भरलेली आहे, मी झाकण उघडून पाहिली. बैलांना रंग लावायला त्याने तांड्यावरच्या रूपसिंगला सांगितलं आहे, तोरणाखाली नेण्यासाठीही रूपसिंगच. मग हा दिवसभर कुठे राहणार?

कान वयाने गेला नाही. थापड होती. मोबाईल हातातून पडला नाही. पत्रात जे जे पडलं, आपटलं असं लिहिलं, ते सगळं तसंच समज. तुझा हात त्याने गुडघ्यावर ठेवून मोडला तो आवाज मी ऐकला आहे. तेव्हा दोन्ही कान चांगले होते.

भुऱ्याला मी सांभाळते. तू येऊ नको.

मैनाबाई

२७ ऑगस्ट २०२४

सलोनी,

तुझं पत्र काल मिळालं. तू लिहिलंस, "मी त्याला घाबरून खूप जगले. भुऱ्याला त्या घरात ठेवणार नाही, दोन मैत्रिणींना घेऊन येईन, काय करायचं ते करू दे."

यायचं कारण उरलं नाही. भुऱ्या गेला.

लघवी पुन्हा बंद झाली. या वेळी यवतमाळपर्यंत पोचता आलं नाही. पहाटे गेला. मी त्याला तुझ्या निळ्या ओढणीत गुंडाळलं, शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या बोरीखाली खड्डा केला, खाली-वर मीठ घातलं आणि पुरलं. शेजारच्या बाया आल्या होत्या. घरात मांजर मेलं म्हणजे काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतं, असं सगळ्यांनी सांगितलं. रजत डोकं धरून बसला आहे.

खाण्यात काही चूक झाली नाही. डब्यात खोट नव्हती, तुझ्या सांगण्यातही नव्हती. मनाला लावून घेऊ नको. काम सोडू नको. वेळेवर जेव.

मैनाबाई

१६ सप्टेंबर २०२४
तांडा

सलोनी,

आधी बस. मग वाच.

भुऱ्या जिवंत आहे. आता माझ्या पायाशी रामीबाईच्या गोधडीवर झोपला आहे. तुला मी खोटं लिहिलं. तू मला नाही नाही ते बोल, तुझा हक्क आहे. तू ऐकत नव्हतीस आणि पोळा जवळ आला होता. तुला अडवण्यासाठी माझ्याजवळ दुसरं काही नव्हतं.

त्या पहाटे भुऱ्याला टोपलीत घातलं, वर गोवऱ्या रचल्या आणि रामीबाईकडे पोचवला. तिला म्हटलं, याला फक्त डब्यातलं द्यायचं. ती म्हणाली, "आमच्या तांड्यावर जावयाले बी डब्यातलं भेटत नाही. बरं, ठेव." मग रिकामे डबे मातीने भरले, वजन मांजराएवढं केलं, तुझ्या ओढणीत बांधले आणि पुरले. मीठ टाकताना बायांसमोर रडावं लागलं. ते रडू आणायला मला मेहनत पडली नाही.

रजत घाबरला. तुला आश्चर्य वाटेल, पण खरंच घाबरला. बायकोचा हात मोडताना, आईच्या तोंडात चमचा कोंबताना जो घाबरला नाही, तो मेलेल्या मांजराला घाबरला. "आई, सोन्याचं मांजर कुठून आणू वं?" असं म्हणत फिरत होता. दारूला शिवला नाही. पोळा गेला. तू आली नाहीस. मी देवाजवळ दिवा लावला.

माझी चूक कुठे झाली ते मला आता कळतं. शेतात काही पुरलं, की कुत्री रात्रीतून उकरतात. मेलेलं वासरू खोल पुरलं, वर काट्या टाकल्या, तरी उकरतात. बोरीखालच्या ढिगाऱ्याला एकाही कुत्र्याने नख लावलं नव्हतं. बाया हे पाहत नाहीत. शेतकरी पाहतो. रजत तुरीत निंदणाला गेला आणि त्याने पाहिलं.

तो भर दुपारी घरी आला. माझ्या केसांचा बुचडा धरला आणि मला धुऱ्यापर्यंत ओढत नेलं. रस्त्यात दोन-तीन माणसं होती. ती आपापल्या वावरात खाली वाकली. बोरीखाली मला बसवलं आणि फावड्याने उकरलं. ओढणी निघाली. गाठ सोडली तशी डब्यांमधली माती त्याच्या पायावर सांडली. त्याने एक डबा उचलून उलटापालटा करून पाहिला. मग हसला.

"कोणाले फसवून राह्यली तू? मले? का तिले?"

मी म्हटलं, "दोघायले."

फावड्याचा दांडा माझ्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचं मला आवाजावरूनच कळलं. तो आवाज ओळखीचा होता. दुसरा पाठीवर, तिसरा कुठे ते आठवत नाही. मध्ये मध्ये एकच विचारत होता. "थे कुठी राहाते? पत्ता सांग." माझ्या तोंडात रक्त होतं आणि त्याच्या मागे तुझा पत्ता, खोली नंबरासकट. मी रक्त थुंकलं, पत्ता गिळला.

मग त्याने धुऱ्याशी उभ्या केलेल्या गाडीच्या डिकीतून ती खाटेखालची पेट्रोलची बाटली आणली. माझ्या लुगड्यावर ओतली. झाकण घट्ट होतं म्हणून ते काढायला त्याने फावडं खाली ठेवलं होतं, माझ्या उजव्या हाताशी. तो खिशात माचिस शोधत होता. या खिशात, त्या खिशात. आईच्या अंगावर पेट्रोल आणि हा खिसे चाचपतो आहे. मला वाटलं, हा मला विचारेल, आई, माचिस कुठी ठेवली वं? घरात त्याला काहीच सापडत नसे. सगळं मीच हातात द्यायची.

मी फावडं उचललं आणि आडवं फिरवलं. गुडघ्यावर बसलं. डोक्यावर मारता आलं असतं, तो वाकलेलाच होता. मी गुडघा निवडला हे लक्षात ठेव. पुढे कोणी काही सांगेल म्हणून लिहून ठेवते. तो पडला आणि लहान मुलासारखा "आई वं" असं ओरडला. त्याच्या खिशातून पडलेली माचिस मी उचलली आणि चालू लागले. मागे वळले नाही. तो हाका मारतच होता.

तांड्यावर पोचले तेव्हा रामीबाई चुलीसमोर बसली होती. वास येताच ओरडली, "ए याडी, ए माय! थांब तिथंच! चुलीपासून दूर हो!" आणि घागरभर पाणी माझ्या अंगावर ओतलं. मग आणखी एक. रूपसिंगने गाडी काढली. मला मध्ये बसवलं, मागे रामीबाई मला धरून बसली आणि मला आर्णीला नेलं.

ठाण्यात मी सगळं सांगितलं. तुझ्या हातापासून सुरुवात केली, कारण सुरुवात तिथूनच आहे. साहेब म्हणाले, "बाई, विचार करून सांगा. आई आहात तुम्ही त्याच्या."

मी म्हटलं, "आई हाय म्हणूनच सगळं पाह्यलं ना साहेब. दुसऱ्या कोणाले दिसलं असतं?"

लिहून झाल्यावर त्यांनी वाचून दाखवायला घेतलं. मी कागद मागितला आणि स्वतः वाचला. एके ठिकाणी 'किरकोळ वादातून' असं होतं. ते काढायला लावलं.

रजतला दवाखान्यातून नेलं. गुडघ्याला प्लास्टर आहे. आता यवतमाळला आत आहे. जामीन केव्हा मिळेल ते वकील सांगत नाही, पण आज ना उद्या मिळेल. म्हणून अजूनही तू या जिल्ह्यात पाऊल ठेवू नको. तुझा जबाब तिकडे नाशिकला घेतील असं साहेबांनी सांगितलं. खरं सांग, माझ्यासाठी काही गाळू नको. खांदा बांधलेला आहे. डॉक्टरांनी गाडीत बसायची परवानगी दिली, की भुऱ्याला घेऊन मीच येते. बसमध्ये ओरडला तर ओरडू दे.

रामीबाईने त्याला मध्ये मच्छीचं कालवण चाटू दिलं. मी पाहिलं आणि भांडले. कांदा होता त्यात. ती म्हणाली, "एवढं तर माह्या पोरायले बी कोणी जपलं नाही." त्याला काही झालं नाही. आता पुन्हा डब्यावरच आहे. वजन वाढलं, अंगावर चकाकी आली. दिवसा उजेडात दारात झोपतो. कोणाचा पाय वाजला तरी उठत नाही. पोत्यांमागे जाऊन बसणारा तो हाच, हे तुला खरं वाटणार नाही.

आणखी एक आहे. हे लिहू की नको असं करत पत्र इथपर्यंत आणलं.

परवा सदाशिवराव आले होते. ते आत जाऊन रजतला भेटले. त्यांच्याजवळ त्याने निरोप दिला, "आईले म्हणा, येऊन जाय. तिच्या हातचं पिठलं अन् ज्वारीची भाकर आण म्हणा. इथलं गिळवत नाही." सदाशिवराव म्हणाले, "मैनाबाई, लेकराचा राग किती दिवस धरता? उद्या माझ्यासोबत चला."

ते गेल्यावर मी रामीबाईकडून ज्वारीचं पीठ मागून घेतलं. एका हाताने मळलं. तवा ठेवला. तव्यातून धूर निघायला लागला तरी माझा हात पिठावरच होता. रामीबाई दाराशी उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

मी तवा उतरवला. मळलेलं पीठ तिच्या गाईसमोर ठेवलं. गाईने खाल्लं.

काल सकाळी सदाशिवराव दाराशी थांबले होते. मी त्यांना रिकाम्या हाताने पाठवलं. त्याला भूक लागली असेल. मला माहीत आहे, त्याला भूक सोसत नाही. लहानपणापासून नाही सोसत.

मैनाबाई